भूगर्भज्ञानाचा अनुशेष

दरवर्षी १७ सप्टेंबर उजाडतो. नांदेड-लातूरच्या मैदानांवर ध्वजारोहण होते, हैदराबाद मुक्तिसंग्रामातील हुतात्म्यांचे स्मरण होते आणि मग सुरू होतात ती अनुशेषाची भाषणे. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष, नोकऱ्यांचा अनुशेष. १९८४ साली दांडेकर समितीने या अनुशेषाचा हिशेब मांडला, १९९४ साली वैधानिक विकास मंडळ आले, २०२० साली त्याची मुदत संपली. या चाळीस वर्षांत अनुशेषाच्या यादीत एक बाब मात्र कोणी कधी लिहिली नाही. आपण ज्या भूमीवर उभे आहोत, तिच्या पोटात काय आहे याच्या ज्ञानाचा अनुशेष.

हा विषय काढला की ठरलेले उत्तर मिळते: ‘मराठवाड्यात दगडाशिवाय आहे काय?’ पुढारी हे बोलतात, अधिकारी बोलतात, शाळेतील गुरुजीही बोलतात. लोहखनिज गडचिरोलीचे, मँगनीज नागपूर-भंडाऱ्याचे, बॉक्साइट कोल्हापूरचे, आणि मराठवाड्याच्या वाट्याला काळा पाषाण. भूगोलाच्या पुस्तकातील नकाशा इथेच संपतो. हे वाक्य ऐकायला विनम्र वाटते, वस्तुतः ते आळसाचे वाक्य आहे. ‘नाही’ असे म्हणण्याचा अधिकार ज्याने शोधले त्याला असतो. ज्याने शोधलेच नाही, त्याने ‘ठाऊक नाही’ असे म्हणावे.

काळ्या पाषाणाचे पांघरूण

प्रथम वस्तुस्थिती नीट समजून घेऊ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या भेगांतून लाव्हारसाचे लोटच्या लोट बाहेर आले, थरावर थर साचत गेले आणि दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, तयार झाला. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग या पाषाणाने व्यापलेला आहे. लातूर जिल्हा तर जवळपास संपूर्णपणे त्याखाली झाकला गेला आहे. या बेसाल्टमध्ये लोह आहे, टायटॅनियम आहे, अल्प प्रमाणात तांबेही आहे. मग त्याला खाण का म्हणत नाहीत? कारण धातू असणे वेगळे आणि धातुक असणे वेगळे. धातू एका ठिकाणी एकवटला पाहिजे, तो काढण्याचा खर्च परवडला पाहिजे. तेव्हा त्या खडकाला धातुक म्हणतात. भराभर थिजलेल्या लाव्हारसात धातू सर्वत्र विखुरलेला राहिला, एकवटला नाही. येथवर ‘दगडाशिवाय काही नाही’ म्हणणाऱ्यांचे बरोबर आहे.

पण हा पाषाण म्हणजे भूमी नव्हे, भूमीवरचे पांघरूण आहे. सह्याद्रीत त्याची जाडी प्रचंड आहे. पूर्वेकडे यावे तसतसे ते विरळ होत जाते आणि नांदेड जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर चक्क संपते. देगलूर, बिलोली या तालुक्यांत जो गुलाबी-करडा ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म उघडा पडला आहे, तो या पांघरुणाखालचा मूळ देह आहे. त्याचे वय अडीचशे कोटी वर्षांच्या घरात जाते. भारतीय द्वीपकल्पाचा हा आद्य पाया, भूशास्त्राच्या भाषेत धारवाड भूखंडाचा भाग. कोलार आणि हट्टीचे सोने ज्या भूखंडाने दिले, तोच हा भूखंड. देगलूरचा शेतकरी ज्या खडकावर खळे घालतो, त्याचे नातेगोते मुंबईच्या काळ्या खडकाशी नाही, रायचूरच्या खडकाशी आहे. ही गोष्ट त्याच्या मुलाच्या पाठ्यपुस्तकात नसावी, याला काय म्हणावे?

शेजाऱ्यांच्या घरी काय आहे?

आता सीमेपलीकडे नजर टाकू. दक्षिणेला रायचूर जिल्ह्यात हट्टीची सोन्याची खाण आजही चालू आहे. तेथे प्राचीन काळच्या खोदकामाच्या खुणा आहेत. जवळच मस्की येथे अशोकाचा तो प्रसिद्ध शिलालेख आहे, ज्यात ‘देवानांप्रिय’ या बिरुदासोबत अशोकाचे नाव स्पष्ट येते. १९१५ साली तो प्रथम नजरेस पडला तो बीडन नावाच्या एका खाण-अभियंत्याच्या. सोने शोधणाऱ्याच्या हाती इतिहास लागला! यादगीर जिल्ह्यात गोगी येथे, भीमा खोऱ्यातील चुनखडकांच्या पट्ट्यात, विभंगालगत युरेनियम सापडले आहे. त्याच जिल्ह्यात लिथियमसाठी प्राथमिक सर्वेक्षण झाल्याचे केंद्र सरकारने २०२४ साली संसदेत सांगितले.

पूर्वोत्तरेला आदिलाबाद जिल्ह्यात चुनखडकांच्या थरांत मँगनीज आहे, आणि ज्या खडकसमूहात ते आहे त्याला जगभरचे भूशास्त्रज्ञ ‘पैनगंगा गट’ म्हणून ओळखतात. ही पैनगंगा म्हणजे आपल्या नांदेडची उत्तर सीमा. ज्या किनवट तालुक्याच्या अंगणातून हा खडकसमूह डोकावतो, तो तालुका १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. राज्यांच्या सीमा माणसांनी आखल्या. खडकांनी त्या मान्य केलेल्या नाहीत. किनवटच्या उनकेश्वरला पिढ्यान्‌पिढ्या भाविक गरम पाण्याच्या कुंडात स्नान करतात. ते पाणी गरम का आहे, कोणत्या भेगेतून आणि किती खोलवरून वर येते, हा प्रश्न श्रद्धेच्या आड येत नाही. उलट त्या भूमीवरील श्रद्धा डोळस करतो.

नांदेडच्या सीमेला लागून निर्मळ आहे, त्याच्या पुढे निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम हे गाव आहे. आज कोणाला नावही ठाऊक नसलेल्या या गावातील पोलाद खरेदी करण्यासाठी इराणच्या इस्फहानहून व्यापारी येत असत. मुशीत वितळवून केलेल्या या पोलादाला युरोपीय ‘वूट्झ’ म्हणत. १७९५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत त्यावर निबंध वाचला गेला, पुढे मायकेल फॅरेडेसारख्या वैज्ञानिकाने त्याचे रहस्य उलगडण्यासाठी प्रयोग केले. कोनासमुद्रमच्या लोहारांची पद्धत हेन्री व्हॉयसी या सर्वेक्षकाने नोंदवून ठेवली, ती १८३२ साली छापली गेली. ते लोहार दोन वेगवेगळ्या ठिकाणचे लोखंड ठरावीक प्रमाणात मिसळत. कोणत्या टेकडीचे खनिज कशासाठी चांगले, हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी या परिसरातील निरक्षर समजला गेलेला कारागीर आपल्या पायाखालची भूमी ओळखत होता. आज पदवीधर ओळखत नाही. यालाच आपण प्रगती म्हणणार असू तर प्रश्नच मिटला.

निजामाने विकली, आम्ही विसरलो

हा विसर आपोआप पडलेला नाही. १८८६ साली निजामाच्या दरबाराने संपूर्ण संस्थानातील खनिजांचे हक्क लंडनच्या एका मंडळीला ९९ वर्षांसाठी बहाल केले. नांदेड आणि आजचा लातूर जिल्हाही त्या संस्थानात होता, हे लक्षात घ्यावे. ‘हैदराबाद (डेक्कन) कंपनी’ १० लाख पौंड भांडवलाची म्हणून गाजली. प्रत्यक्षात त्यातील बहुतांश समभाग सवलतधारकांनी स्वतःच्याच पदरात पाडून घेतले होते. वर, दरबारचाच अधिकारी अब्दुल हक याने निजामाच्या पैशाने चढ्या भावात तेच समभाग खरेदी केले. प्रकरण इतके चिघळले की १८८८ साली ब्रिटिश पार्लमेंटला चौकशी समिती नेमावी लागली. ज्या रयतेच्या पायाखालची संपत्ती विकली गेली, तिला याचा पत्ताही नव्हता.

त्या राजवटीने सिंगरेणीचा कोळसा काढला, हट्टीचे सोने काढले. कारण तेथे तिजोरी भरत होती. जेथे ताबडतोब नफा दिसत नव्हता, तेथे पाहण्याची तसदी घेतली नाही. सत्तेची ही वृत्ती एक वेळ समजू शकते. परक्या वृत्तीच्या सत्तेला भूमी ही मालमत्ता वाटते, माता वाटत नाही. प्रश्न आहे तो १९४८ नंतरचा. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली ज्या जनतेने ती राजवट उलथून टाकली, त्या जनतेच्या प्रतिनिधींनी भूमीविषयीची दृष्टी मात्र निजामाचीच का ठेवली? चटकन पैसा देईल ते उकरायचे, बाकीच्याकडे पाठ फिरवायची.

या दृष्टीचा जिवंत पुरावा पाहायचा असेल तर बिलोली तालुक्यात मांजरेच्या काठावर जावे. येसगी, सगरोळीच्या परिसरातील वाळूला मोठी मागणी का, याचे उत्तर भूशास्त्रात आहे. बेसाल्टमध्ये स्फटिक म्हणजे गारेचा अंश नसतो, म्हणून काळ्या पाषाणाच्या प्रदेशातील नद्यांना चांगली वाळू बेताचीच. मांजरा मात्र बीडच्या डोंगरातून निघून लातूर, बीदर करत ग्रॅनाइटच्या प्रदेशात शिरते, उत्तरेला वळते आणि गोदावरीला मिळण्यापूर्वी गारेचे कण वाहून आणते. हजारो वर्षांच्या झिजेतून जमलेला हा ठेवा आपण यंत्रांनी दोन-तीन दशकांत उपसत आणला. २०२३ साली ६०० रुपये ब्रासचे धोरण आले, २०२५ साली पुन्हा नवे धोरण आले. धोरणे बदलली, रात्रीचे ट्रक बदलले नाहीत. वाळूचा थर गेला की नदीचे पाणी जमिनीत मुरेनासे होते, काठच्या विहिरी आटतात. खनिज म्हणजे उकरून विकण्याची वस्तू, एवढेच ज्ञान असलेल्या समाजाचे दुसरे काय होणार?

अज्ञानाची किंमत

कोणी म्हणेल, हे सारे अभ्यासकांचे विषय. सामान्य माणसाला यातून काय? सामान्य माणसाने या अज्ञानाची जी किंमत मोजली, तिचे नाव किल्लारी.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणरायाला निरोप देऊन गावे झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास भूमी हादरली आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे दहा हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. त्याआधीच्या वर्षी, १९९२ च्या उत्तरार्धात, किल्लारीला धक्के जाणवले होते. भूमीने सूचना दिली होती; ती वाचण्याची विद्या आपल्यापाशी नव्हती. दख्खनचे पठार स्थिर, येथे मोठा भूकंप होत नाही, असेच सर्वांना शिकवलेले. १९६७ च्या कोयनेने तो समज हलवला होता, पण तिकडे धरण होते म्हणून आपण स्वतःची समजूत काढली.

भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. काळा पाषाण केवळ ३३८ मीटरवर संपला. त्याखाली अवघ्या ८ मीटरचा गाळाचा थर आणि त्याखाली तोच आद्य पाया लागला. त्या नमुन्यांच्या अभ्यासातून पुढे आले की एकेकाळी भूकवचात फार खोलवर असलेले खडक येथे वर उचलले गेले आहेत. म्हणजे आपण ज्याला निश्चल समजत होतो, त्या भूमीचा इतिहास मोठ्या उलथापालथीचा आहे. हे ज्ञान मिळाले, पण दहा हजार चिता पेटल्यानंतर. खाली काय आहे हे पाहण्यासाठी आम्हाला एवढी किंमत का मोजावी लागली, हा प्रश्न तीस वर्षांनंतरही विचारला जात नाही.

किल्लारीने धडा शिकवला नाही म्हणून २०१६ आला. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. पाऊस कमी झाला हे खरे; पण पाषाणाच्या कोणत्या थरात पाणी साठते, कोणत्या थरात नाही, हे न पाहता शेकडो फूट विंधनविहिरी घेत सुटलेला समाज हेही खरे. काळ्या पाषाणात पाणी साठते ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. पाणाड्याच्या नारळावर आणि बोअरच्या गाडीवाल्याच्या शब्दावर शेतकऱ्याने कर्ज काढले. जमिनीखालचा नकाशा त्याला कोणी दाखवलाच नाही.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप: काळ्या पाषाणाखाली काही असले तरी तेथवर पोहोचणार कोण? यावर जगाचे उत्तर उपलब्ध आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात ऑलिंपिक डॅम येथे तांबे, युरेनियम आणि सोन्याचा जगातील एक महाप्रचंड साठा १९७५ साली सापडला. वर निरुपयोगी खडकाचे सुमारे ३५० मीटर जाडीचे आवरण होते. गुरुत्वाकर्षण आणि चुंबकत्व यांच्या मोजणीतील विसंगतीवरून कुठे छिद्र घ्यायचे ते ठरवले गेले. किल्लारीचे आवरण ३३८ मीटर आहे. आणि खोलीचेच म्हणाल तर आपल्याच कोलारच्या खाणी, २००१ साली बंद होण्यापूर्वी, तीन किलोमीटरहून खोल गेल्या होत्या. लाव्हारसाच्या पाषाणातच धातुक नसते, हाही काही निसर्गनियम नव्हे. सायबेरियाच्या नोरिल्स्कला निकेल, तांबे आणि पॅलेडियम याच जातीच्या अग्निजन्य खडकांशी निगडित आहे. याचा अर्थ निलंग्याखाली ऑलिंपिक डॅम दडले आहे असा कोणी काढू नये. अर्थ एवढाच की ‘वर पाषाण आहे म्हणून पाहायचे नाही’ हे कारण जगात कोठेही ग्राह्य धरले जात नाही.

दुसरा आक्षेप पर्यावरणवाद्यांचा: खाण आली की जंगल जाते, पाणी जाते, विस्थापन येते. या आक्षेपात तथ्य आहे, तो हेटाळणीने उडवून लावू नये. गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांनी खाणींचा चिखल शेतात उतरलेला पाहिला; २०१२ साली खाणकाम थांबवावे लागले आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांची नूतनीकरणे रद्द केली. गडचिरोलीत सुरजागडला २०१६ साली नक्षलवाद्यांनी डझनावारी वाहने जाळली आणि वनवासी बांधव दोन्ही बाजूंनी भरडला गेला. पण येथे मागणी खाणीची नाही, ज्ञानाची आहे. उद्या एखाद्या कंपनीचा अर्ज आला तर ग्रामसभेने ‘हो’ म्हणावे की ‘नाही’, हे ठरवण्यासाठी तरी आपल्या भूमीची माहिती गावापाशी हवी की नको? जो समाज अडाणी राहतो, त्याच्याशी करार होत नाही. त्याची फसवणूक होते. १८८६ साली तेच झाले.

तिसरा आक्षेप: पैसा कोठून आणणार? २०१५ च्या कायदादुरुस्तीने राष्ट्रीय खनिज अन्वेषण निधी स्थापन झाला. २०२३ च्या दुरुस्तीने खोलवरच्या आणि अत्यावश्यक खनिजांसाठी स्वतंत्र अन्वेषण परवाना आला. २९ जानेवारी २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने १६,३०० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय अत्यावश्यक खनिज मोहिमेला मान्यता दिली. त्यानंतर अवघ्या दोन-तीन महिन्यांत चीनने दुर्मीळ मृदा धातूंच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि वाहन उद्योगाला चुंबक मिळेनासे झाले. स्वदेशी ही केवळ कापडाची गोष्ट नाही, हे त्या दिवशी देशाला कळले. निधी आहे, कायदा आहे, राष्ट्रीय गरज आहे. नाही ती मराठवाड्याची मागणी. आमच्या लोकप्रतिनिधींनी साखर कारखान्यासाठी जेवढ्या दिल्लीवाऱ्या केल्या, त्याच्या दशांश भूभौतिक सर्वेक्षणासाठी केल्या असत्या तर चित्र वेगळे असते.

करावयाचे काम

म्हणून मागणी स्पष्ट हवी. नांदेडच्या पूर्वेकडील उघड्या आद्य पाषाणाचे आणि किनवटच्या पैनगंगा गटाचे बारकाईने भूरासायनिक सर्वेक्षण व्हावे. लातूर जिल्ह्यात पाषाणाखालच्या पायाचा गुरुत्व व चुंबकत्व मोजणीने वेध घ्यावा आणि जेथे विसंगती आढळेल तेथे छिद्रे घ्यावीत. त्या एकाच छिद्रातून भूकंपशास्त्राला, भूजलशास्त्राला आणि खनिजशोधाला उपयोगी पडेल अशी माहिती मिळते. हे किल्लारीने दाखवले आहे. कराडला कोयनेच्या अभ्यासासाठी केंद्र उभे राहते, २०१७ साली तेथे तीन किलोमीटर खोल छिद्र पूर्ण होते, तर लातूरला तसे काही का नसावे? नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्राचे संकुल आहे. त्याला या कामात अग्रपूजेचा मान मिळावा. आणि जे हाती लागेल ते तालुक्याच्या ठिकाणी, मराठीत, सर्वांना पाहता येईल असे मांडावे. काहीच सापडले नाही, तर ‘नाही’ हे उत्तरही ज्ञानच आहे. मग गुप्तधनाच्या नावाखाली हेमाडपंती देवळांची जोती उकरणाऱ्या भोंदूंना आणि ‘तुमच्या शेतात सोने आहे’ म्हणून दलाली करणाऱ्यांना उत्तर देता येईल.

सरकारकडे बोट दाखवून आपले काम संपत नाही. आपल्या शाखांवर, वसतिगृहांत, शाळांत भूगोलाचा तास ‘दगडाशिवाय काही नाही’ या वाक्याने सुरू होत असेल, तर तो बदलणे आपल्या हाती आहे. सहलीला जाणाऱ्या मुलांना देगलूरच्या ग्रॅनाइटवर हात ठेवायला सांगावे आणि हा खडक अडीचशे कोटी वर्षांचा आहे हे सांगावे. किल्लारीच्या स्मारकापाशी नमस्कार करून परतताना त्या छिद्रातून काय कळले तेही सांगावे. येसगीच्या पुलावर उभे राहून वाळू कोठून आली ते दाखवावे. दहावी-बारावीच्या हुशार मुलाला अभियांत्रिकी आणि वैद्यकीच्या पलीकडे भूशास्त्र नावाची विद्या आहे, तिच्यात देशकार्य आहे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी बोलावे.

‘भारत माता की जय’ हा आपला उद्घोष आहे. मातेला वंदन करणारा पुत्र तिची प्रकृती जाणून घेतो. तिची नाडी कधी मंद चालते, तिच्या हाडांत कोठे दुखते हे त्याला ठाऊक असते. मराठवाड्याची भूमी १९९३ साली एकदा बोलली. पुढच्या वेळी ती बोलण्यापूर्वी तिची भाषा शिकून घेणे, एवढे तरी आपल्या पिढीने करावे.